शुगरवाल्या माणसाचा पाय: वावरात, उन्हात, घरात

शुगर असलेल्या माणसाच्या तळपायात काटा मोडला आणि त्याला तो कळलाच नाही, तर पुढचं सगळं बहुतेक एकाच वाटेनं जातं. दिवसभर निंदण किंवा डवरणी चालते, काटा आतच. संध्याकाळी पायांवर वरून पाणी ओतलं जातं, तळवा कोणी पाहत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चपलेवर ओला डाग दिसतो. मग हळद भरून फडकं बांधतात. दुखत नसतंच. "कायी दुखत नाई ना, मंग कायले जा लागते दवाखान्यात?" आठवडाभरात पाय सुजतो, वास सुटतो, ताप भरतो आणि रात्री गाडी शोधायची पाळी येते. तोवर बोट, कधी पंजा, कधी गुडघ्याखालचा पायच हातचा गेलेला असतो.

शुगरमुळे होणाऱ्या गंभीर त्रासांबद्दल इथं लिहायचं आहे, पण जास्त जागा पायालाच देणार आहे. किडनी, डोळे आणि हृदय सांभाळायला तपासण्या आणि तज्ज्ञ लागतात, त्यासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं. पाय मात्र बऱ्याच अंशी घरातच वाचतो. आणि शेतमजुराचा पाय गेला की त्या घराची कमाईच थांबते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मज्जातंतू खराब होतात. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते आणि दोन्ही पायांत सारखीच होते. आधी मुंग्या, रात्री जळजळ, मग कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि शेवटी काहीच न वाटणं. जळजळ थांबली की लोकांना बरं वाटतं. खरं तर अनेकदा तंतू पुरता बधिर झाल्यानं ती थांबलेली असते. त्याच तंतूंच्या बिघाडानं पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून टाचांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू आत शिरतात. पंजातले लहान स्नायू बारीक होऊन बोटं आकडल्यासारखी वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या दोन-तीन हाडांवर येतो. तिथं घट्टा धरतो.

हा घट्टा नीट पाहायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूनं पिवळसर कडक कातडी दिसते. तिच्या मधोमध काळपट किंवा तांबूस ठिपका असेल तर तो मळ नव्हे. ते आत साकळलेलं रक्त आहे. वरून कातडी शाबूत दिसते, पण घट्ट्याखाली ती फाटलेली असते आणि प्रत्येक पावलागणिक जखम आत वाढत असते. असा ठिपका दिसला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. तिथं डॉक्टर धारदार ब्लेडनं थर काढून खाली काय आहे ते पाहतात. घरी ब्लेड किंवा नखकात्री लावू नका. मेडिकलमध्ये मिळणारी कॉर्न कॅपही लावू नका. तिच्यात कातडी विरघळवणारं आम्ल असतं आणि बधिर पायाला ते चांगल्या कातडीपर्यंत पोचल्याचं कळत नाही.

आपला पाय बधिर झाला आहे का, हे घरीच दोन मिनिटांत पाहता येतं. माणसाला आडवं झोपवून डोळे मिटायला सांगा. दुसऱ्यानं बोटाच्या टोकानं त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकेच स्पर्श करायचा, प्रत्येक ठिकाणी एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, एकदा चुकलं म्हणून पुन्हा लावायचं नाही. स्पर्श कळला की त्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. दोन्ही पाय मिळून सहा जागा होतात. त्यांतल्या दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजा. दवाखान्यात हीच तपासणी 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूनं करतात. ती वर्षातून एकदा व्हायलाच हवी. डॉक्टरांनी आपणहून पाय पाहिला नाही, तर चप्पल काढून "साहेब, पाय पाहा" असं सांगायला लाजू नका.

बधिर पाय विदर्भाला नवे नाहीत. वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन असो की वर्ध्याजवळचं दत्तपूर, कुष्ठरोगाचं मोठं काम याच भागात झालं. कुष्ठरोगातही पायाची जाणीव जाते, आणि त्यावर सांगितली जाणारी पद्धत साधी आहे: रोज पाय पाहायचा, मऊ तळाची चप्पल घालायची, जखम झाली की त्या पायावर भार द्यायचा नाही. शुगरच्या पायाला हीच पद्धत लागू पडते.

रोजचं पाहणं

वेळ संध्याकाळची, वावरातून आल्यावर. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातानं पाहायचं. पाय पाण्यात भिजवत बसू नका, कातडी फुगून फाटते. टिपून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत फडकं घालून. पावसाळ्यात याच बेचक्यांत चिखल्या होतात: कातडी पांढरी, ओलसर, सोललेली. एरवी माणसं चिखल्यांना मोजत नाहीत. शुगरमध्ये मात्र पोटरीपर्यंत चढणारं इन्फेक्शन अनेकदा तिथूनच सुरू होतं. बुरशीचं मलम लावा आणि बेचक कोरडं ठेवा.

मग उजेडात तळवा पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. नजर अधू असेल तर बायकोनं, मुलानं, सुनेनं पाहावं. टाच, चवडा, बोटांची टोकं, बेचक्या, नखांच्या कडा, सगळं पाहायचं. मग हाताची पालथी बाजू दोन्ही पायांवर आळीपाळीनं ठेवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी बिघडलंय. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत लावू नका, तिथं ओल राहते. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

आता पायातली वस्तू. साधी हवाई चप्पल वावरात उपयोगाची नाही. तिच्या मऊ तळातून बाभळीचा काटा, पऱ्हाटीचं खुंट आणि सोयाबीन सोंगल्यावर उरलेलं धसकट सहज आरपार जातं. शिवाय अंगठ्याच्या बेचक्यातला पट्टा कातडी घासतो आणि बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. माणूस अनवाणीच दहा पावलं पुढं जातो. हवी ती अशी: आतला थर मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराचा, बाहेरचा तळ कडक, पुढं रुंद, वर चिकटपट्टीचे पट्टे, मागं टाचेला पट्टा, अंगठ्याला काही नाही. आत खिळा नको, जाड शिवण नको. विकत घेताना संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात थोडा फुगलेला असतो. बधिर पायाला घट्ट चप्पलच 'बसली' असं वाटतं, म्हणून मापावर विसंबा: बसल्यावर नव्हे, उभं राहिल्यावर बोटापुढं अर्धा इंच जागा हवी. नवी चप्पल पहिल्या दिवशी एक तास घाला, काढा आणि पाय पाहा. लाल डाग उमटला असेल तर ती जागा चुकते आहे. पाय घालण्याआधी दर वेळी चप्पल-बूट झटकून आत हात फिरवा. खडा, तुटकं खिळ्याचं टोक, विंचू, काहीही निघू शकतं. गमबूट घालायचेच असतील तर आत सुती मोजे घाला, पांढरे किंवा फिके, म्हणजे रक्त-पू लगेच दिसेल.

उन्हाळ्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडं पारा 45 अंशांच्या वर जातो. डांबरी रस्ता, देवळाची फरशी, ट्रॅक्टरचा पत्रा त्याहून तापलेला असतो. चांगला पाय तिथं टेकला की आपोआप उचलला जातो. बधिर पाय टेकलेलाच राहतो आणि तळवाभर फोड येतात. शेगावच्या पायी वारीला अनवाणी जाण्याची ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना इतकंच सांगणं आहे की शुगर आणि बधिर पाय असेल तर चप्पल घालून चाला, महाराजांच्या दर्शनात त्यानं काही कमी होत नाही. देवळात अनवाणी जावं लागलंच तर सकाळी लवकर जा आणि जाड मोजे घाला. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय शेकणं, गरम विटेनं किंवा पिशवीनं शेक देणं यांतूनही तेच होतं. गाडीच्या सायलेन्सरनं पोटरी भाजते आणि घरी येईपर्यंत पत्ता नसतो. आणखी एक गोष्ट, जी सांगायला लोक संकोचतात: धान्याच्या खोलीत जमिनीवर झोपणाऱ्याचा बधिर पाय रात्री उंदीर कुरतडतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा आणि झोपण्याआधी पायाला लागलेलं अन्न-तेल धुऊन टाका.

जखम झालीच तर

उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन ओतून जखम धुवा. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण यांतलं काहीही भरू नका. हळदीनं वाईट होतं असं म्हणणं नाही, पण ती घट्ट बसते आणि खाली काय चाललंय ते झाकते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज ओतू नका, नवी कातडी धरायला येते तीच त्यानं मरते. वर स्वच्छ गॉज, सैल पट्टी. बोटाभोवती चिकटपट्टी गोल आवळून बांधली तर रक्तपुरवठा अडतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या. काटा आत असेल तर सुईनं उकरत बसू नका.

मग बॉलपेननं एक काम करा. जखमेभोवती जिथवर लाली आहे तिथं कडेनं रेघ ओढा आणि बाजूला तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, किंवा जखमेच्या कडेपासून 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली, तर इन्फेक्शन वाढतंय. कातडी काळी पडणं, घाण वास, दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवणं, थंडी-ताप, शुगर अचानक चढणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी निघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होतं, पण पू पायाच्या आत खोल साठला असेल तर तो ऑपरेशन करून काढावा लागतो. तेव्हा जिल्हा रुग्णालय, नागपूर-अकोला-यवतमाळचं शासकीय मेडिकल किंवा सेवाग्राम गाठा. रात्र असेल तर 108 लावा. सकाळची एसटी पाहू, असं म्हणण्याइतका वेळ अशा पायाकडे नसतो.

जखम बरी न होण्याचं सगळ्यांत मोठं कारण औषध नाही, चालणं आहे. ड्रेसिंग रोज होतं, महागडं मलम लागतं, आणि माणूस त्याच चवड्यावर रोज वावरात जातो, कारण दुखत नाही. प्रत्येक पावलाला नवी कातडी चिरडते. म्हणून तळव्याच्या जखमेत भार काढून घेणं हाच खरा इलाज आहे. गुडघ्याखाली पूर्ण पायाला धरून घालायचं प्लास्टर यासाठी उत्तम, ते जिथं घालता येतं तिथं घालून घ्यावं. ते नसेल तर जखमेच्या जागी खळगा ठेवलेली चप्पल, कुबड्या, आणि घरात संडासला जातानाही त्या पायावर न टेकणं. यात घरच्यांनी कडक राहायला हवं. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्मा झाला नाही तर पद्धत चुकते आहे: भार पडतोय, रक्त पोचत नाही, किंवा खाली हाडात इन्फेक्शन आहे. एक्स-रे काढा, पायाच्या नाड्या तपासून घ्या. मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून खाणं हे सर्वांत वाईट. ज्या जखमेत इन्फेक्शन नाही तिला त्या लागत नाहीत आणि ज्यात आहे तिला तेवढ्या पुरत नाहीत.

रक्त न पोचण्याबद्दल बोलताना तंबाखू टाळता येत नाही. बिडी-सिगारेटनं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात हे पक्कं आहे. शुगर अधिक बिडी म्हणजे पाय काळा पडण्याची वाट सोपी. खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणात, धूर नाही, पण निकोटीन भरपूर आहे, नाडी आणि ब्लड प्रेशर दोन्ही चढतात, आणि हिरड्या-दात जातात ते वेगळंच. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर बरं वाटत असेल, पाय गार आणि चकचकीत दिसत असेल, पायावरचे केस गळले असतील, तर रक्तवाहिन्यांची तपासणी जखम होण्याआधीच करून घ्या.

एक प्रकार असा आहे की त्यात जखम नसते. एकच पाय अचानक सुजतो, लाल आणि गरम होतो, दुखणं मात्र फारसं नाही. मुरगळला असेल म्हणून लोक लेप लावून चालत राहतात. बधिर पायाची आतली हाडं-सांधे ढासळत असताना असं दिसतं. याला शार्को फूट म्हणतात. प्लास्टर घालून महिनोन् महिने भार टाळला तर पायाचा आकार टिकतो, नाहीतर तळवा होडीसारखा बाहेर येतो आणि त्यावर पुढं जखमा होत राहतात. सुजलेल्या गरम पायाला मालिश नको.

साखर उतरते तेव्हा

हंगामात शुगर कमी होऊन बेशुद्ध पडणं ही दुसरी मोठी भीती. सकाळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेतलं, घाईत अर्धीच भाकरी खाल्ली, वेचणीला गेलं, दुपारची शिदोरी उशिरा. गोळी इन्सुलिन बाहेर काढतच राहते, अन्न असो वा नसो, आणि मेहनतीनं साखर आणखी खर्च होते. महालक्ष्म्यांच्या दिवशी नैवेद्य होईस्तोवर उपाशी राहणाऱ्या बायांचं हेच होतं. नवरात्रातही तेच. उपास करायचाच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांकडून गोळीचं प्रमाण बदलून घ्या. इन्सुलिन मात्र मनानं पूर्ण बंद करू नका. उपाशीपोटी दारू, मोहाची असो की दुसरी, फार धोक्याची, कारण यकृत साखर सोडायचं थांबवतं. आणि पडलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला की लोक 'पिऊन पडला' म्हणून सोडून देतात.

घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, चिडचिड, बरळणं ही लक्षणं दिसली आणि साखर 70 च्या खाली असली, किंवा मोजायला मशीन नसली तरी, चहाचे तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात घोळून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, बरं नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. मग भाकरी, पोळी, काहीतरी पोटभर. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलानं साखर रक्तात हळू जाते. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल तर साध्या साखरेनं लवकर गुण येत नाही, कारण ती फोडणारं पाचक द्रव्यच ही औषधं अडवतात. अशांनी खिशात ग्लुकोजची पावडर ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि 108 लावा. गोळीमुळे उतरलेली साखर शुद्धीवर आल्यावरही दिवसभर पुन्हा पुन्हा उतरू शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला सलाईन लावून लगेच घरी आणणं बरोबर नाही.

आणि हे नीट ध्यानात घ्या: कित्येक वर्षं जास्त असलेली शुगर त्याच गोळ्यांवर आपोआप उतरू लागली, तर आनंद मानण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा आकडा, तपासा. किडनी मंदावली की औषध आणि इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं.

उलटी, जुलाब आणि मे महिन्याचं ऊन

तापलेल्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाला जुलाब लागले की साखर वर चढते, लघवीवाटे पाणी जातं, तहान तेवढी जाणवत नाही आणि दोन-तीन दिवसांत 600 च्या वर साखर होऊन माणूस गुंगीत जातो. घरचे समजतात ऊन लागलं. अशा वेळी शुगर मोजा. ओआरएस 'गोड असतं' म्हणून नाकारू नका. एक लिटर ओआरएसमध्ये साधारण 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे तीन चमच्यांच्याही आत, आणि त्यामुळेच आतडं मीठ-पाणी ओढून घेतं. पाकीट एक लिटर पाण्यातच घोळा, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात नको.

उलटी-जुलाब चालू असताना मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन जेवण सुरळीत होईस्तोवर थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. शेवटच्या दोन औषधांत साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. इन्सुलिन थांबवायचं नाही. 'पोटात काही नाही तर इन्सुलिन कशाला' या विचारानं टाइप 1 ची, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा शुगरची, लेकरं दगावतात. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, आम्ल साठतं: उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. वाळत चाललेलं, पाणी पाणी करणारं, पुन्हा अंथरुणात लघवी करू लागलेलं लेकरू पोटदुखीनं तळमळत असेल तर बोटाच्या टोकाचं एक थेंब रक्त आधी तपासा. जडीबुटीवर इन्सुलिन सोडवणाऱ्याकडं अशा लेकराला नेलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

इन्सुलिन उन्हात खराब होतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या खणात नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर दोन मातीची मडकी घ्या, मोठ्यात लहान ठेवा, मधल्या जागेत रेती भरून सकाळ-संध्याकाळ ओली करा, वर ओलं पोतं टाका, आणि हे सगळं वारा लागेल अशा सावलीत ठेवा. बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात. कोरड्या उन्हाळ्यात हे छान गार राहतं, पावसाळ्यात हवा दमट असल्यानं तेवढं नाही. वापरातली बाटली साधारण 28 दिवसांत संपवावी. मुळातच गढूळ येणारं इन्सुलिन तळहातांत हळूच फिरवल्यावर सारखं दुधाळ दिसलं पाहिजे, गुठळ्या किंवा काचेला चिकटलेला थर दिसला तर फेका. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर तेही फेका.

आणि सिरिंज. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 40 युनिट प्रति मिलीचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. 100 युनिटवाल्याला नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजनं ओढलं तर अडीचपट डोस जातो. मेडिकलवाल्यानं जी दिली ती घेऊन येऊ नका, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहा.

बाकीचं, थोडक्यात

किडनीसाठी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. पायावर सूज येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. ब्लड प्रेशर 130/80 च्या आत हवं. कंबर, गुडघे धरले की गावात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा असेक्लोफिनॅकची गोळी सहज मिळते. शुगर आणि बीपीच्या माणसानं ती महिनोन् महिने घेतली तर किडनी लवकर जाते. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घेतलेलं बरं. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि जिल्हा रुग्णालयात पैशाची सोय होऊ शकते, पण गावाहून जाण्या-येण्यात सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते.

डोळ्यांचा पडदा टाइप 2 मध्ये शुगर निघाली त्याच वर्षी आणि मग दरवर्षी, थेंब टाकून बाहुली मोठी करून तपासायचा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, सोबत कोणीतरी न्या. पडद्यातल्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतानाही नजर चांगली असू शकते, लेसर किंवा इंजेक्शनचा खरा उपयोग तेव्हाच होतो. अचानक काळे ठिपके तरंगू लागले किंवा पडदा आल्यासारखं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

हार्ट अटॅक शुगरमध्ये छातीत न दुखताही येतो. विनाकारण दम लागला, गार घाम आला, मळमळलं, तर ॲसिडिटीची गोळी घेण्याआधी ईसीजी काढा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासा, शुगर असलेल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए1सी तपासणीबद्दल विदर्भात एक काळजी घ्यावी लागते. इथं सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मोडतात आणि हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. कागदावर सगळं ठीक दिसतं आणि आत नुकसान चालू राहतं. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा ही तपासणी आणि बोटाची शुगर जुळत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा रुग्णाला उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर नियमित मोजून त्यावर चालवावं लागतं. मशीनच्या पट्ट्याही उन्हात बिघडतात, डबी घट्ट बंद करून सावलीत ठेवा. बोट टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करा, गूळ किंवा आंब्याचा रस लागलेल्या बोटावर आकडा भलताच वर येतो.

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत न्या, नुसता 'पांढरी गोळी, सकाळची' एवढा पत्ता पुरत नाही. आणि रोज वावरात घालता ती चप्पलच पायात घालून जा, सणावाराची नको. जखम कशानं झाली आणि भार कुठं पडतो हे तिच्या झिजलेल्या तळावरून डॉक्टरांना दिसतं.